वादीनं बांधलेली मोटार

मोटारीत बसून तू काय पाहिलंस असं मला कुणी विचारलं, तर मी सांगते, रस्ता पाहिला. माणसं खिडकीतून बाहेर बघतात, मी पायाखाली बघायचे. आमच्या घरच्या मोटारीत मागच्या बाकापुढं, नेमकं माझ्या डाव्या पायाजवळ, ताटाएवढं भोक होतं. त्यावर तेलाचा डबा ठोकून सपाट केलेला पत्रा टाकलेला आणि पत्र्यावर पोतं. गाडी चालू झाली की पत्रा तडतडायचा, धूळ वर यायची आणि माझं लुगडं गुडघ्यापर्यंत पिवळं व्हायचं. पत्रा खिळे मारून पक्का करा, असं मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत होते. पण सुनेचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

लढाई संपल्यावर सरकारनं पलटणीच्या जुन्या मोटारी लिलावात काढल्या, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी ही पुण्याहून आणली होती. पुढून मोटार आणि मागून लाकडाची खोली, असं तिचं ध्यान. बारामतीच्या बाहेर कालव्याच्या पाण्यावर आमची वांगी, मिरची, पेरू, केळी होती. बाजाराच्या दिवशी मागचे बाक काढून पाट्या भरायच्या, लग्नकार्याला बाक पुन्हा बसवून घरातली नऊ माणसं कोंबायची. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचं म्हातारपण सुरू झालं होतं. मागच्या बाकाजवळच्या दाराची कडी तुटलेली, म्हणून ते दोरीनं बांधायचं. लाकडी खांबांना वाळवी लागलेली. बोट खुपसलं तर भुसा निघायचा. ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागायचा नाही. गाडी माझे मालक चालवायचे. ते म्हणायचे, "पयला दाब देवाला, दुसरा आबांना, तिसरा गाडीला." सगळे हसायचे. मला मेलं हसूच यायचं नाही. गाडीत बसलं की माझा एक हात दाराच्या दोरीवर, एक पाय पत्र्यावर आणि कान खाली लागलेले.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे, गाव त्यांना आबा म्हणायचं. माणूस वाईट नव्हता हो. पण त्यांचं एक ठरलेलं होतं, की गावात जे मोडतं ते गावातच नीट होतं. नांगर मोडला तर लोहार, चाक निखळलं तर सुतार, मग मोटारीनंच काय मोठं घोडं मारलंय? त्यांनी सुताराकडून दार छाटून घेतलं, लोहाराकडून बिजागरी ठोकून घेतली. गाडी चालत राहिली, म्हणून कुणाला तोंड उघडायला जागा नव्हती. मला मात्र जागा नसली तरी तोंड होतं. माझ्या नाकावर राग असायचा, आणि तो मी स्वयंपाकघरात भांड्यांवर काढायचे, कारण मामंजींसमोर सुनेनं मोठ्यानं बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, त्यांनी त्यांना सांगायचं. तोवर सांगायच्या गोष्टीचा निम्मा जीव गेलेला असायचा.

माझी नणंद इंदापूरकडं लोणी देवकरला दिली होती. मी तिला वन्सं म्हणायचे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, बोलायला हळू, हसायला मोकळी. त्या घरात माझ्याशी मैत्रिणीसारखी वागलेली ती एकटीच. आदल्या वर्षी तिला दिवस राहिले होते आणि पाचव्या महिन्यात गेलं. बैलगाडीतून इंदापूरच्या बाजाराला गेली होती, वाटेत धक्के बसले, असं सगळे म्हणत. आता पुन्हा राहिले होते. बाळंतपणाला तिला माहेरी आणायची होती आणि सातवा महिना सरत आला होता. आठव्यात गरोदर बाईनं प्रवास करायचा नसतो, हे आमच्याकडं दगडावरची रेघ. म्हणजे हातात होते चारपाच दिवस. मामंजींनी सांगून टाकलं, "माझी लेक बैलगाडीत बसणार न्हाय. मोटारीतनं आणीन, फुलावानी."

आणि नेमकी त्याच आठवड्यात मोटार मागून खाली बसली.

मालकांनी गाडी साखर कारखान्यावरच्या एका मिस्त्रीकडं नेली, मामंजीही नाइलाजानं बरोबर गेले. तो खाली सरपटत गेला, कंदील धरून बघितलं आणि बाहेर येऊन कपाळ पुसत म्हणाला, "आबा, मागच्या चाकावरचं कमानपाटं ज्या पट्टीला हायती, ती चासीची पट्टीच तडकलीया. उतरवून झाळावी लागंल. आठ दिस गाडी सोडा."

"आठ दिस गाडी हितं सोडली तर माझी लेक तितंच ऱ्हाईल की," मामंजी म्हणाले आणि गाडी तशीच हळूहळू घरी आणवली.

मग त्यांनी तात्यांना बोलावलं. तात्या म्हणजे आमच्या गावात कातडीकाम करणारे म्हातारे. विहिरीच्या मोटा शिवण्यात त्यांची हयात गेली होती. गाडीचा दांडा तडकला, नांगराचं जू चिरलं, तर शेतकरी त्याला ओल्या कातडीची वादी गुंडाळून घेतात. वादी म्हणजे म्हशीच्या कच्च्या कातड्याचा लांब पट्टा. तो रात्रभर भिजवायचा, ताणून वेढे द्यायचे आणि उन्हात वाळू द्यायचा. वाळताना कातडं आवळतं आणि लाकूड असं धरतं की मधे सुरीचं पातं जात नाही. मामंजींच्या हिशेबानं जे लाकडाला चालतं ते लोखंडाला का चालू नये? तात्यांनी दोन लोखंडी पाचरी तड्याच्या दोन्ही बाजूंना धरून वर चौदा वेढे दिले, तिसऱ्या दिवशी वाजवून बघितलं तर टणटण आवाज. वरून त्यांनी चरबीचा जाड लेप दिला आणि हात पुसत म्हणाले, "आबा, लेकीला आणन्यापुरतं काम झालं. पर पान्याचं आन् हिचं वैर हाय. वड्यातनं गाडी घालू नका. वरची चरबी कुनाला पुसू देऊ नका."

मी चहा घेऊन दारातच उभी होते. शब्द न् शब्द ऐकला. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढं कुणी म्हणेल, बिचारीला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मालक गाडीवर, शेजारी मामंजी, मागं मी एकटी आणि ओटीचं सामान. सासूबाईंचे पाय सुजले होते, म्हणून त्या राहिल्या. संक्रांत होऊन गेली होती, हवा कोरडी होती, रस्ता मोकळा होता. आणि खरं सांगते, गाडी इतकी छान चालली की मला तात्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पत्रा जरा बाजूला करून मी बघितलं, तर वादी पिवळीधमक, काटक, जागची हलत नव्हती. फक्त वास! भोकातून चरबीचा आणि कातड्याचा असा भपकारा वर येत होता की पदर नाकाला लावावा लागला.

तो वास नाकात गेला आणि माझं डोकं फिरलं. आमच्या विहीणबाई, म्हणजे वन्संच्या सासूबाई, मोठ्या टापटिपीच्या. मागच्या खेपेला आमची मोटार त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा चार बायकांत त्या म्हणाल्या होत्या, "मोटार म्हनावं का वांग्याची पाटी? बसनारीला वकारी यायची." बायका हसल्या. मी हातातलं ताट तसंच धरून उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. वांगी आमची, मळा आमचा, त्यावर जगलेलो आम्ही. आणि ही बाई नाक मुरडते! त्या दिवसापासून माझ्या मनात होतं, की एकदा हिच्या दारात मोटार अशी नेईन की ही बघत राहील. आणि आज तर कातड्याचा वास घेऊन निघालो होतो.

लोणीच्या अलीकडं रस्त्याकडेला विहीर होती, जनावरांना पाणी प्यायला दगडी हौद होता. व्याह्याच्या दारी जायचं म्हणून मामंजी तिथं उतरले. लिंबाखाली न्हावी बसला होता, त्याच्यापुढं दाढीला बसले. मालकही पाठोपाठ गेले. मला म्हणाले, "वरची धूळ तेवढी फुसून घे." मी घागर काढली.

वरची धूळ पुसली. मग चाकं धुतली. मग आतला लाकडी तळ धुतला. पत्रा उचलला, तर खाली ती वादी, वास मारत असलेली. तात्यांचं बोलणं मला आठवलं, नाही आठवलं असं नाही. पण मी मनाशी म्हटलं, एवढीशी घागर, एवढंसं पाणी, त्यानं काय बुडतंय? वन्संना वासानं उलट्या झाल्या तर? असा तिच्या काळजीचा पदर मी माझ्या हट्टावर ओढून घेतला. विहिरीच्या काठावर कुणीतरी ठेवलेली भांडी घासायची राख होती आणि काथ्या होता. भोकातून हात घालून मी चरबी घासून काढली. बोटांना बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत घासली. मग घागरीवर घागर ओतली. किती ओतल्या ते मोजलं नाही.

मामंजी गुळगुळीत होऊन आले, तर गाडीखाली चिखल. "एवढं पानी कशाचं?" ते मालकांकडं बघून म्हणाले, पण प्रश्न मला होता.

"चाकं धुतली," मी पदराआडून म्हटलं.

विहीणबाईंनी मोटारीभोवती एक फेरी मारली. आत डोकावल्या, बाकावर हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "आज चकाचक हाय की!" बास. त्या एका वाक्यावर मी दुपारभर तरंगत होते. जेवणं झाली, पुरणपोळी झाली, वन्संची ओटी भरली. गाडी तापू नये म्हणून कुणीतरी ती चिंचेच्या गार सावलीत लावून ठेवली होती. तीन तास ती तिथं उभी होती आणि खालची वादी वाळण्याऐवजी आतून फुगत होती, हे मला कळायला हवं होतं. माझ्या माहेरी विहिरीवर मोट होती. ओलं कातडं कसं लुळं पडतं हे मी परकर नेसत होते तेव्हापासून बघत आले होते.

परत निघालो तेव्हा वन्सं माझ्या शेजारी, दाराच्या बाजूला बसली. पोटावर दोन्ही हात धरून बसली होती. म्हणाली, "वैनी, यंदा मला भ्याच वाटत न्हाय. आबांची गाडी हाय, तुमी हाय." मी तिच्या मांडीवर थाप मारली आणि म्हटलं, "गप बसा, नजर लागंल."

निमगाव केतकीला बाजार भरला होता. मालकांनी इंजिनात पाणी घालायला गाडी थांबवली, मामंजी पानाची कवळी घ्यायला उतरले. गाडी उभी राहताना मागून एक बारीक आवाज आला. कुरकुर नव्हे, तर बैल दाव्याला अंग घासतो तसा. मी पायानं पोतं सारलं आणि पत्रा उचलला.

चौदा वेढ्यांतले तीन खाली उतरले होते. वादी पांढरी पडून, सुजून, ढिल्या नाडीसारखी लोंबत होती आणि तिच्या टोकाला पाण्याचा थेंब होता. एक पाचर तिरकी झाली होती. मी पत्रा खाली ठेवला. पोतं वर ओढलं. वन्सं बाजाराकडं बघत होती. निदान मला तसं वाटलं.

तेव्हा फक्त बोलायचं होतं. मामंजी वीस पावलांवर पानवाल्याशी घासाघीस करत होते, मालक बॉनेट उघडून उभे होते. निमगावात गाडी ठेवता आली असती, माणसं होती, बैलगाड्या होत्या, सरकारी मोटार यायची होती. पण बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, की वादी भिजली कशी? आणि दुसरा, की चरबी गेली कुठं? चाकं धुतली म्हणून मी मघाशीच सांगून बसले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मला भर बाजारात सगळी माणसं माझ्याकडंच बघतायत असं वाटायला लागलं. मी मनाशी हिशेब केला, की अजून अकरा वेढे आहेत. अकरा वेढे बारामती गाठतील. घरी गेल्यावर कुणाला कळायच्या आत तात्यांना सांगेन.

तेवढं मात्र एक केलं. वन्संला म्हटलं, "दाराकडनं सरका, मधी बसा. ऊन लागतंय तुमाला." तिनं माझ्याकडं बघितलं आणि सरकली. मी दाराशी बसले आणि दोरी मनगटाला गुंडाळून घेतली.

निमगाव ते अंथुर्णे चार कोस असेल. तेवढ्या वाटेत मी जगले कशी ते मलाच ठाऊक. प्रत्येक खड्ड्याला माझे दात एकमेकांवर आपटत होते. पाय पत्र्यावर दाबून धरला होता, जणू माझ्या पायानंच ती पट्टी जोडलेली राहणार होती. तोंडाशी यायचं, "थांबवा." परत गिळायचे. पुढं मामंजी मालकांना सांगत होते, "बघ, मिस्त्री आठ दिस मागत हुता. आपल्या तात्यानं दोन दिसात काम केलं!" आणि गाडी जरा जोरात घ्यायला लावत होते, ऊन उतरायच्या आत घरी पोचायचं म्हणून.

शेळगाव मागं पडलं आणि वन्संला मळमळायला लागलं. मधे वारा लागत नव्हता. "वैनी, मला कडंला बसू द्या," ती म्हणाली. मी म्हटलं, "नगा, पडाल." ती म्हणाली, "वकारी येतीया वो!" आणि तोंडाला हात लावून उठलीच. काय करणार होते मी? तिला धरून ठेवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी जागा दिली. दोरी तिच्या हातात दिली. ती दाराबाहेर वाकली आणि गाडी ओढ्यावरच्या पुलाकडच्या उताराला लागली.

खालून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला.

तेव्हा मी ओरडले. सगळी रीतभात गुंडाळून, मामंजी बसलेले असताना, नवऱ्याला हाक मारून ओरडले, "अहो, थांबवा! गाडी तुटली! थांबवा!"

"काय झालं बायकांना?" मामंजी म्हणाले. मालकांनी मात्र माझा आवाज ओळखला. पहिला दाब, दुसरा दाब. तिसऱ्याला गाडी मंदावली, आणि त्याच क्षणी मागचा भाग खाडकन खाली बसला. खांब मोडला, दार उघडं पडलं, दोरी तुटली. मी वन्संच्या कमरेला मिठी मारली होती, ती निम्मी माझ्या हातात राहिली आणि निम्मी बाहेर गेली. तिचा उजवा हात दार आणि रस्ता यांच्यामधे सापडला.

ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "पोट. वैनी, पोट."

शेजारच्या रानातल्या माणसांनी बैलगाडी आणली, कडबा पसरला आणि जिला बैलगाडीत बसवायचं नव्हतं तिला बैलगाडीत निजवून अंथुर्ण्याला नेलं. तिथून उसाचा एक ट्रक बारामतीला निघाला होता, त्यात मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बारामतीच्या डॉक्टरांनी आधी पोटाला नळी लावली. किती वेळ लावून बसले होते! मग म्हणाले, "ठोके चांगले आहेत. बाळ सुखरूप आहे." मी तिथंच भिंतीला टेकून ढसाढसा रडले. मामंजीही रडले. मग डॉक्टरांनी तिच्या हाताकडं बघितलं. कोपराचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. हात जुळला, पण सरळ काही झाला नाही. पुढं आयुष्यभर तिनं भाकरी डाव्या हातानं थापली.

आणि माझं काय झालं? माझं कौतुक झालं! मामंजींनी घरी येऊन सासूबाईंना, भावकीला, पाणी भरायला येणाऱ्या बायांना, ज्याला त्याला सांगितलं, "ही पोर वरडली म्हनून माझी लेक आन् नात-नातू जे काय असंल ते वाचलं. लाज धरून गप बसली असती तर आमी समदं वड्यात असतो. सून असावी तर अशी." ज्या तोंडाला वर्षानुवर्षं दाबलं होतं, त्या तोंडाची आरती सुरू झाली. मला जेवण जाईना. भांडी आपटायचंही बंद झालं. सासूबाईंना वाटलं, पोरगी घाबरलीय.

गाडी चार बैलांनी ओढून आणली आणि गोठ्यापुढं उभी केली. तात्या आले. खाली वाकून त्यांनी तुटलेली वादी काढली, दोन बोटांत चोळली, नाकाला लावली आणि म्हणाले, "आबा, हिला पानी लागलंय. आन् चरबी घासून काढलीया कुनीतरी. ही राख बघा."

मामंजींचं टाळकं सरकलं. "काम कच्चं केलंस ते सांग की! कोन कशाला घासंल? वड्याच्या चिखलाची माती हाय ती." आणि मग आणखी बरंच बोलले, म्हाताऱ्या माणसाला बोलू नये असं. तात्या वादी हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी एकदा दाराकडं बघितलं, जिथं चहाची कपबशी घेऊन मी उभी होते. मी खाली बघितलं. ते गेले, आणि त्यानंतर मामंजींनी त्यांना कुठलंच काम दिलं नाही. मोटा शिवायला शेजारगावच्या माणसाला बोलावू लागले. ओसरीवर खाटेवर वन्सं पडली होती, हात फळीला बांधलेला. तिनं हे सगळं ऐकलं.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, मी तिची वेणी घालत होते तेव्हा तिनं विचारलं. मागं न बघता विचारलं. "वैनी, निमगावात मला मधी का बसवलंत?"

"ऊन होतं म्हणून," मी म्हटलं.

"ऊन तुमच्या बाजूला हुतं. माझ्या बाजूला गाडीची सावली हुती."

आणि मला राग आला. होय, मलाच! खाई त्याला खवखवे. मी फणी खाली टाकली आणि म्हटलं, "तुमच्यासाठी एवढं केलं त्याचं हे फळ? मी धरलं नसतं तर कुठं असता तुमी?" अर्धी वेणी तिनं डाव्या हातानं तशीच पुढं ओढून घेतली.

पुढचे दोन महिने मी तिची इतकी सेवा केली की सासूबाई म्हणायच्या, आईनं केली नसती. तिला भरवलं, न्हाऊ घातलं, पाय चेपले. ती नको म्हणायची नाही, पण पूर्वीसारखी हसायचीही नाही. रोज ठरवायचे, आज सांगेन. रोज दिवस मावळायचा. मामंजींच्या कौतुकाची झूल अंगावर चढली होती आणि ती उतरवली तर खाली काय आहे ते माझं मलाच बघवत नव्हतं. दिवस भरल्यावर वन्संला मुलगा झाला. गोरापान, धडधाकट, आवाज असा की कालव्याच्या पलीकडं ऐकू जावा.

बारशाला घर भरलं होतं. विहीणबाई आल्या होत्या, भावकीतल्या बायका आल्या होत्या. तात्यांच्या घरी बोलावणं गेलं नव्हतं. ज्या बाईनं दर सणाला आमच्या दारात तोरण लावलं ती त्यांची म्हातारी कुडाच्या पलीकडून पाळण्याची गाणी ऐकत उभी असल्याचं मला कुणीतरी सांगितलं.

बारशात एक रीत असते. पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या राहतात आणि पाळण्याच्या खालून-वरून बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतात. मामंजी बायकांच्या घोळक्यात कधी यायचे नाहीत. त्या दिवशी उंबऱ्यावर येऊन म्हणाले, "एका बाजूला माझी लेक, आन् दुसऱ्या बाजूला सून उभी करा. तिनंच त्याला वाचवलंय." बायकांनी मला पुढं ढकललं. सासूबाईंनी नवं लुगडं नेसवलं होतं, मामंजींनी मुद्दाम माझ्यासाठी आणलेलं.

वन्सं समोर उभी होती. मोडका हात पाळण्याच्या दोरीवर टेकवलेला, डाव्या हातावर बाळ. मी दोन्ही हात पुढं केले. ती खाली वाकली, मीही वाकले. पाळण्याखाली आमची तोंडं इतकी जवळ आली की तिचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता, आणि वर बायकांचं गाणं इतकं चढलं होतं की दुसऱ्या कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"आबांना सांगा," ती म्हणाली. "तात्यांना घरी बोलवा. मग घ्या."

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती खरंच वाट बघत होती. उंबऱ्यावर मामंजी कौतुकानं हसत उभे होते. चार शब्द होते. मला ते पाठ होते, दोन महिने रोज म्हटलेले.

मी हात मागं घेतले. शेजारची बाई पुढं झाली आणि तिनं बाळ घेतलं.